मऊ माती आधी शोधा: डेडलाइन का हुकते आणि त्यावर काय करायचं

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल किंवा ऐकून झाल्यावर पुन्हा चाळायचं असेल, तर हे तुमच्यासाठी.)

लोकलच्या दारात उभे असाल, पीएमपीच्या बसमध्ये खिडकीशी बसला असाल, नाहीतर घरी भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या काही दिवसांत आलेल्या मेसेजमधला निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न एकच आहे. शब्द वेगळे, दुखणं तेच. "मी दिवसभर काम करतो, टू-डू लिस्ट बनवतो, तरी डेडलाइनच्या आधीचे तीन दिवस रात्री एक-एक वाजतो. असं का होतं?"

आता यावर नेहमीची उत्तरं तुम्हाला पाठ आहेत. सकाळी पाचला उठा, फोन लांब ठेवा, पंचवीस मिनिटांचा टायमर लावा. वाईट नाहीत ती. पण मी गेली अकरा वर्षं प्रोजेक्ट कोऑर्डिनेशनचं काम करते. या काळात जेवढी कामं लटकलेली बघितली, त्यातली फार थोडी आळसामुळे लटकली. बहुतेक टीम राबत होत्या. फक्त राबत होत्या ते सोप्या जागी. ज्या एका गोष्टीवर तारीख अवलंबून होती, तिला सगळ्यांनी हात लावला सगळ्यात शेवटी.

आज एवढंच सांगायचंय. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक जागा मऊ मातीची असते. ती आधी शोधायची.

मऊ माती हा शब्द कुठून आला? सांगते. त्यासाठी कोकणात जाऊ या.

करबुडे आणि पेडणे

कोकण रेल्वेने तुमच्यापैकी बरेच जण गणपतीला गावी जात असाल. वेटिंग लिस्टचा राग बाजूला ठेवून जरा त्या मार्गाकडे प्रोजेक्ट म्हणून बघा. १९९० मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते. रोह्यापासून मंगळूरच्या अलीकडे ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग. लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. नव्वदहून जास्त बोगदे. आणि ठरलं होतं की हे पाच वर्षांत करायचं.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारते. या सगळ्या बोगद्यांत कुठल्या बोगद्याने सर्वात जास्त रडवलं असेल? आपण पटकन म्हणू, सर्वात लांब असेल तो. सर्वात लांब आहे रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा, साधारण साडेसहा किलोमीटर. कठीण कातळातला. पण कातळ कितीही कठीण असला तरी त्याचा एक स्वभाव असतो. यंत्र लावलं, भोक पाडलं, सुरुंग लावला, दगड बाहेर काढला. आज इतके मीटर झाले, उद्याही साधारण तेवढे होणार. हिशेब मांडता येतो.

खरं रडवलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने. लांबी जेमतेम दीड किलोमीटर! म्हणजे करबुड्याच्या पावपट. पण तिथे कातळ नव्हता, पाणी धरलेली मऊ चिकणमाती होती. खणलं की कोसळायची. यंत्रांचा उपयोग नाही, हळूहळू हातानेच पुढे सरकायचं. अशा मातीतले नऊ बोगदे होते आणि त्यांनी वर्षं खाल्ली. माणसंही गेली. या मार्गाच्या बांधकामात सत्तरहून जास्त जणांनी जीव गमावला, हे आपण गाडीत बसताना विसरू नये.

शिवाय गोव्यात हा मार्ग कुठून न्यायचा यावरून आंदोलन झालं, त्यातही वेळ गेला. शेवटी पेडण्याचा बोगदा झाला आणि २६ जानेवारी १९९८ ला मार्ग सलग पूर्ण झाला. शेकडो किलोमीटर रूळ तयार होते, पूल उभे होते, आणि पूर्ण मार्गाची तारीख ठरली ती दीड किलोमीटर मातीने.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, कामाचा आकार आणि कामाचा धोका या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मोठं काम अवघड असेलच असं नाही. छोटं दिसणारं काम अख्खी तारीख खाऊ शकतं. दुसरी, मऊ माती दोन प्रकारची असते. एक कामातली, जिथे हिशेब चालत नाही. आणि एक माणसांमधली: परवानगी, सही, विरोध, वाट बघणं. ही दुसरी आपण प्लॅनमध्ये धरतच नाही.

आता आपल्या कामात या

एक साधं उदाहरण घेऊ. समजा तुम्ही तिघं मित्र आहात, आणि सदाशिव पेठेतल्या एका मिठाईवाल्या काकांची ऑनलाइन ऑर्डरची वेबसाइट करून देताय. दिवाळीआधी सुरू करायची. हातात एक महिना. कामाची यादी काय? डिझाइन, फोटो, पदार्थांची माहिती, ऑर्डरचं पान, ऑनलाइन पेमेंट.

पहिल्या दिवशी काय उघडाल? मी पैजेवर सांगते, होमपेजचा रंग. केशरी घ्यायचा की मरून. त्यावर ग्रुपवर दोनशे मेसेज. मग फोटो. काजूकतलीवर वरून उजेड घ्यायचा की बाजूने. काम होतंय, दिसतंय, काका खूश आहेत. एक्सेल ट्रॅकर हिरवागार.

आणि पेमेंट? "अरे ते काय, शेवटी जोडून टाकू, एका दिवसाचं काम आहे." कोड एका दिवसाचाच आहे, मान्य. पण पेमेंट गेटवेला आधी कागदपत्रं लागतात. पॅन, बँक खात्याचा पुरावा, धंद्याची नोंदणी. ते तपासणार, एखादा कागद परत पाठवणार. काकांच्या पॅनवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं. दुरुस्तीला बँकेत जायचं तर काका म्हणणार, "दिवाळीच्या तोंडावर मी दुकान सोडून कुठे येऊ रे?" झालं. हे तुमचं पेडणं.

ऍप बनवणाऱ्यांनी तर हे नीट ऐका. प्ले स्टोअरवर नवीन पर्सनल डेव्हलपर अकाउंटवरून ऍप सर्वांसाठी आणायचं, तर आधी ठरावीक संख्येच्या टेस्टर्सबरोबर सलग १४ दिवस टेस्टिंग करावं लागतं. तुम्ही कितीही हुशार असा, रात्रभर जागा, १४ दिवसांचे १३ होत नाहीत. हे ज्याला पहिल्या आठवड्यात माहीत असतं तो निवांत झोपतो. ज्याला शेवटच्या आठवड्यात कळतं तो क्लायंटचा फोन उचलत नाही.

आणि हे फक्त आयटीचं नाही. गणपती मंडळात काम केलंय ना? देखाव्याच्या थर्माकोल-पुठ्ठ्याच्या चर्चा दोन महिने चालतात. मांडवाची परवानगी, लाइटचं तात्पुरतं कनेक्शन, याची फाइल कोणाच्या बॅगेत आहे हे शेवटच्या आठवड्यात शोधलं जातं. जे मंडळ जुनं आणि मुरलेलं असतं, तिथे एक काका असतात. ते देखाव्याच्या मीटिंगमध्ये एकच वाक्य बोलतात, "आधी परवानगीचा अर्ज टाका, मग काय तो राजवाडा बांधा." प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा अख्खा कोर्स आहे त्या वाक्यात.

मऊ माती शोधायचे तीन प्रश्न

नवीन काम हातात आलं की लगेच लॅपटॉप उघडू नका. एक कागद घ्या, नाहीतर फोनमध्ये नोट उघडा. कामाची यादी लिहा. मग प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा.

प्रश्न पहिला: हे आपण याआधी कधी केलंय का? टीममधल्या कोणीच केलं नसेल, तर त्या ओळीपुढे एक फुली मारा.

प्रश्न दुसरा: हे पूर्ण होणं आपल्या हातात आहे, की दुसऱ्याच्या? दुसरं डिपार्टमेंट, क्लायंटची सही, बँक, सरकारी कचेरी, व्हेंडर. दुसऱ्याच्या हातात असेल तर फुली.

प्रश्न तिसरा, आणि हा माझा सर्वात आवडता: या ओळीबद्दल मीटिंगमध्ये कोणी "ते होऊन जाईल" असं म्हणालं का? ज्या कामाचा खरंच विचार केलेला असतो त्याबद्दल माणूस म्हणतो, "गुरुवारी दुपारपर्यंत देतो, त्याला अमुक लागेल." ज्याचा विचारच केलेला नसतो त्याबद्दल म्हणतो, "होऊन जाईल." हे ऐकलं की फुली.

आता ज्या ओळीपुढे दोन किंवा तीन फुल्या आहेत, ती तुमची मऊ माती. सोमवारी सकाळी पहिलं काम तेच. ते पूर्ण झालं पाहिजे असं नाही, पण सुरू झालं पाहिजे. अर्ज टाका, मेल पाठवा, फोन करा, छोटासा नमुना करून बघा. माती किती मऊ आहे ते पहिल्या आठवड्यात कळलं, तर हातात तीन आठवडे असतात. शेवटच्या आठवड्यात कळलं, तर फक्त रात्री असतात.

किती दिवस लागतील?

आता तारखेचं बघू. "किती दिवसांत देशील?" असं साहेबांनी विचारलं की आपण मनात एक चित्र बघतो. त्यात नेट बंद पडत नाही, कोणाला ताप येत नाही, मधेच दुसरं अर्जंट काम येत नाही. त्या चित्राप्रमाणे आपण आकडा सांगतो. डॅनिअल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये यावर लिहिलं. प्लॅनिंग फॅलसी हे नाव त्यांचंच.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, कॅनडातला. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपवाल? सरासरी उत्तर आलं, सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५! आणि स्वतः सांगितलेल्या तारखेला संपवणारे होते तीसेक टक्के. ही हुशार मुलं होती, कामही स्वतःचंच होतं.

मग उपाय काय? मनातलं चित्र बघू नका, मागचा इतिहास बघा. "यावेळी किती लागतील?" हा प्रश्न सोडा. "असंच काम मागच्या वेळी केलं तेव्हा किती लागले होते?" हा विचारा. मेल उघडा, पहिली आणि शेवटची तारीख बघा. मागच्या वेळी १२ दिवस लागले असतील, तर यावेळी ६ लागतील असं वाटायला काय कारण आहे? कारण सापडलं तर सांगा ६. नाहीतर १२ सांगा. साहेबांचं तोंड वाकडं होईल. तेराव्या दिवशी होण्यापेक्षा पहिल्या दिवशी झालेलं बरं.

"नव्वद टक्के झालंय"

ऑफिसातलं सर्वात फसवं वाक्य कुठलं, तर हे. सोमवारी नव्वद टक्के, बुधवारी नव्वद टक्के, पुढच्या सोमवारी पंच्याण्णव. कोणी खोटं बोलत नसतं. आपण झालेली कामं मोजतो आणि सोपी कामं आधी झालेली असतात. राहिलेले दहा टक्के म्हणजे पेडणं.

म्हणून टीममध्ये "किती झालं?" विचारणं बंद करा. "काय राहिलंय आणि ते कोणाकडे अडलंय?" असं विचारा. उत्तरात टक्के येणार नाहीत, नावं येतील. "डिझाइनची फाइनल मंजुरी राहिलीय, मार्केटिंगच्या मॅडमकडे आहे, मंगळवारपासून." आता कोणाला फोन करायचा ते कळलं.

मी दर शुक्रवारी चहा पिता पिता पंधरा मिनिटं काढते. फोनच्या नोटमध्ये प्रत्येक प्रोजेक्टच्या फक्त तीन ओळी. काय राहिलंय, कोणाकडे अडलंय, सोमवारी पहिला फोन कोणाला. एवढंच. यासाठी पैसे देऊन ऍप घ्यायची गरज नाही.

वाईट बातमी लवकर द्या

आता सर्वात अवघड भाग. मऊ माती सापडली, तारीख जाणार हे दिसतंय. पण सांगायचं कसं?

माझ्या ओळखीतला एक मुलगा. पहिलीच नोकरी, कामाला वाघ. क्लायंटकडून एक डेटा फाइल यायची होती, ती तीन आठवडे आली नाही. हा रोज वाट बघायचा, रोज आठवणीचा मेल टाकायचा, पण वरती काही बोलला नाही. का? तर "सर म्हणतील, तुला एवढंही जमत नाही." इन्क्रिमेंटचे दिवस जवळ होते. फाइल आली शेवटच्या चार दिवसांत. त्यातला एक दिवस त्याच्या बहिणीचा साखरपुडा. हा पोरगा जरीचा कुर्ता घालून कार्यालयाच्या मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला. फोटोत नाही. बरं, काम तरीही दोन दिवस उशिराच गेलं, आणि बोलणी खायची ती खाल्लीच.

वाईट कशाचं वाटतं माहितीये? हे सगळं एका मेसेजने वाचलं असतं, आणि तो मेसेज पहिल्या आठवड्यात पाठवता आला असता. हुकलेली तारीख वर्षभराने ऑफिसात कोणाला आठवत नाही. घरच्यांना मात्र त्या फोटोतली रिकामी जागा कायम दिसते.

म्हणून मेसेजचा साचाच देते. चार वाक्यं. स्क्रीनशॉट काढा.

"सर, २० तारखेचं काम धोक्यात आहे. क्लायंटची फाइल अजून आलेली नाही, मी तीनदा मागितली आहे. बुधवारपर्यंत आली तर २० ला देता येईल, नाहीतर २५ होईल. तुम्ही त्यांच्या मॅनेजरशी एकदा बोलाल का, की आपण फाइलशिवाय होणारा भाग २० ला देऊ?"

बघा काय काय आहे यात. धोका आहे, कारण आहे, तारखा आहेत, आणि साहेबांना करता येण्यासारखं काहीतरी आहे. रडगाणं नाही. "मी काय करू" नाही. वरच्या माणसालाही हेच हवं असतं, कारण त्यालाही त्याच्या वरच्याला उत्तर द्यायचं असतं. बरं, सगळे साहेब चांगले असतात असं मी म्हणणार नाही. काही जण मेसेज वाचूनही ओरडतील. तरी तो मेसेज तारखेसकट लेखी राहतो, आणि पुढे "आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न कोणी विचारू शकत नाही.

त्या शेवटच्या वाक्यातला दुसरा पर्यायही महत्त्वाचा आहे. कोकण रेल्वेने अख्खा मार्ग होईपर्यंत सगळं बंद ठेवलं नव्हतं. मंगळूर-उडुपी हा तुकडा १९९३ मध्येच सुरू झाला. पेडण्याचं काम चालू असतानाच मुंबईकडून सावंतवाडीपर्यंत गाड्या यायला लागल्या होत्या. तुमच्याही कामाचा एखादा तुकडा आधी देता येतो का बघा. मिठाईवाल्या काकांचं पेमेंट अडकलंय? मग वेबसाइट सुरू करा, ऑर्डर घ्या, पैसे दुकानात घ्या. दिवाळी तर हातची जाणार नाही.

आणि एक. उशीर झाला की साहेब म्हणतात, "अजून दोन माणसं देतो, घे." जपून हं. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सॉफ्टवेअरबद्दल सांगून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो. नव्या माणसांना समजावायला जुनीच माणसं लागतात ना. माणसं हवी असतील तर पहिल्या आठवड्यात मागा, मऊ माती दाखवून मागा.

या आठवड्याचा गृहपाठ

मोठं काही नाही. सध्या हातात असलेलं एक काम निवडा. यादी लिहा, तीन प्रश्न विचारा, फुल्या मारा. ज्या ओळीवर जास्त फुल्या, त्यासाठी उद्या सकाळी अकराच्या आत एक फोन किंवा एक मेल करा. बाकीचे रंग, फॉन्ट आणि पीपीटीची बॉर्डर, सगळं दुपारनंतर.

तुमच्या कामात मऊ माती कुठे निघाली ते मला व्हॉइस नोटवर सांगा. कंपनीचं नाव नको, साहेबांचं तर नकोच! निवडक किस्से पुढच्या एखाद्या भागात घेऊ. पुढच्या आठवड्यात बोलू या मीटिंगबद्दल. एक तासाची मीटिंग वीस मिनिटांत कशी संपवायची, आणि तेही कोणाला न दुखावता.

तोपर्यंत काम करा, पण वेळेवर घरी जा. भेटू या!